सातव्या जागेवरची गाडी

निवाबाईंच्या आवारात गाड्या लावायच्या जागा सात, आणि गाड्याही सात. त्यांतल्या चार पिटुकल्या, जेवणाच्या डब्यासारख्या चौकोनी. दोन सरकत्या दाराच्या, आख्खं कुटुंब सासूसकट मावेल अशा. आणि एक त्सुकागोशी इसाओची. पांढऱ्या चार, राखाडी दोन, लाल एक. पेला ठेवायचे खळगे सगळ्या गाड्यांत मिळून एकतीस, लाल गाडीत शून्य. ही शेवटची मोजणी इसाओने एका रविवारी काचांमधून डोकावून स्वतः केली होती आणि तिचा निष्कर्ष तो भेटेल त्याला सांगत असे : "आवारात सहा वाहनं आहेत आणि एक गाडी आहे."

मोजणं हा त्याचा धंदाच होता. डोंगरापलीकडे बिवा सरोवराच्या काठी एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं बनत, आणि ती यंत्रं खरं बोलतात की नाही हे तपासायचं काम इसाओकडे होतं. गाड्यांच्या बाबतीत मात्र त्याला यंत्र लागत नसे. तिथे त्याची मतं पुरत.

आणि मतं तरी किती! हल्लीच्या गाड्यांची तोंडं त्याला चिडलेल्या मांगूर माशासारखी वाटत. सरकतं दार म्हणजे कपाट, "आणि कपाटाला चाकं लावली म्हणून कोणी त्याच्यावर जीव टाकतं का?" गाडीत फेरफार करणाऱ्यांचे त्याच्या मते दोन पंथ होते, जोडणारे आणि काढणारे. जोडणाऱ्यांना तो माणसांत धरत नसे. भाजी आणायच्या गाडीला कोणी मागे पंख बसवला की म्हणे, "पंख कोंबडीलाही असतात." कोणी दारावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या की म्हणे, "चिकटवून वेग वाढला असता तर टपालाचं पाकीट सगळ्यांच्या पुढे गेलं असतं." आणि बंपरवर नुसती दाखवायला केलेली भोकं पाहिली की त्याच्या डोक्यात तिडीक जाई. "ज्यातून वारा जात नाही ते भोक नव्हे. ती थाप आहे, थाप!"

गाडी कोणाची, यावरही त्याचं मत पक्कं होतं. कागद ज्याच्या नावावर त्याची ती नव्हे. रविवारी जो तिच्याखाली उताणा पडतो त्याची.

त्याची लाल गाडी तीस वर्षांची होती. दोन दारं, पापण्यांसारखे उघडझाप करणारे दिवे, आणि पोट रस्त्याला टेकेल इतकं खाली. तेवढं खाली ते इसाओनेच आणलं होतं, चारी स्प्रिंगा बदलून. आतली मागची बाकं, गालिचा, रेडिओ सगळं त्याने काढून टाकलं होतं. जोडलेली वस्तू एकच, धुराची नळी. गुन्मा प्रांतातल्या, म्हणजे त्याच्या मूळ गावाकडच्या, एका म्हाताऱ्या कारागिराने ती हाताने वेल्डिंग करून दिली होती. तिच्या तोंडात आवाज दाबायला एक बूच असे, दोन स्क्रूंनी बसवलेलं, आणि बुचासकट ती सरकारी तपासणीत दर खेपेला पास होई. पहाटे साडेपाचला थंड इंजिन सुरू झालं की त्या नळीतून जो स्वर निघे त्याला इसाओ 'खर्ज' म्हणत असे. त्याची बायको मिचियो त्याला 'तुझं ते' म्हणत असे.

या गाडीचा जीव होता निवाबाईंच्या मुठीत. गाडी ठेवायला जागा असल्याशिवाय गाडी बाळगता येत नाही, हा कायदाच. आणि क्योतोतल्या निशिजिन या विणकरांच्या वस्तीतल्या त्या अरुंद गल्ल्यांत बाकीची सगळी आवारं यांत्रिक होती, लोखंडी ताटात गाडी घेऊन वर उचलणारी. इसाओची गाडी ताटाच्या काठावरच पोट घासून अडे. त्याने करून पाहिलं होतं. ओरखडा अजून दाखवता येत होता. उघडं, सपाट आवार एकच, निवाबाईंचं. तिथला करार दर वर्षी मार्चअखेर संपे, आणि पुढच्या वर्षी कोण राहणार हे निवाबाई ठरवत. सातवी जागा गेली की गाडी विकणं आलं. मार्च लागला होता.

निवाबाई एक्याऐंशी वर्षांच्या, ताठ कण्याच्या, किमोनोवर बांधायचे रेशमी पट्टे विणणाऱ्या. सकाळी आठला त्यांच्या घरातला यंत्रमाग जो 'खटाक-खट, खटाक-खट' सुरू होई तो दिवे लागेपर्यंत. त्यांनी आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटल्याचं गल्लीत कोणाला आठवत नव्हतं. त्याची त्यांना गरजच पडली नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या दारासमोरचा रस्ता झाडत होत्या. इसाओ कामावरून परतत होता.

"त्सुकागोशी-सान," निवाबाई म्हणाल्या, "तुमची गाडी म्हणजे काय दणदणीत हो! पहाटे पहाटे ऐकलं की अंगात कशी तरतरी येते."

इसाओ हरखला. "खरंच? तुमच्यापर्यंत ऐकू येते?"

"म्हणजे काय! माझे कान आता म्हातारे झाले. कधी कधी देवळातली घंटासुद्धा कळत नाही. तुमची गाडी मात्र अगदी स्पष्ट."

इसाओ घरी आला तो भारावूनच. "मिचियो, दोन वर्षांत या गल्लीत दाद देणारं पहिल्यांदा कोणी भेटलं. अगं, त्या बिचारीला घंटा ऐकू येत नाही, पण माझी गाडी ऐकू येते! तिच्या दिवसातला पहिला आवाज माझा असतो, कळतंय का तुला?"

मिचियो भात वाढत होती. "मला त्यात काहीतरी बरोबर वाटत नाही," ती म्हणाली.

"तुला कौतुक सहनच होत नाही."

त्या संध्याकाळी त्याने नळीतलं बूच काढलं. तपासणीत ते चाललं नसतं हे त्याला माहीत होतं, पण एका म्हातारीच्या कानांचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मुकाई टोफूवाल्याने त्याला गाठलं. "आज तर कमाल केलीत तुम्ही! माझ्या टोफूच्या लाद्या साच्यात नाचत होत्या."

"आवडलं ना? उद्या जरा जास्त वेळ तापवतो."

मुकाईने त्याच्याकडे क्षणभर टक लावून पाहिलं. "तुमचा स्वभाव फार मोकळा आहे हो," तो म्हणाला आणि आत गेला.

पलीकडचे ओकुनो, दातांच्या कवळ्या बनवून निवृत्त झालेले गृहस्थ, म्हणाले, "आम्ही तर घड्याळाचा गजर बंदच केला. आता त्याची गरज काय?"

"अहो, आभार कसले मानता," इसाओ म्हणाला.

महिन्याच्या मध्यावर निवाबाई स्वतः आवारात आल्या. त्यांनी लाल गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली. "एवढी रुबाबदार गाडी," त्या म्हणाल्या, "तिला आमची ही जागा अपुरी पडत असेल, नाही? तिच्या तोलामोलाची जागा दुसरीकडे कुठेतरी असेलच."

"छे छे!" इसाओने खिशातून टेप काढली आणि गुडघ्यांवर बसून सगळीकडून मापं घेतली. "हे बघा. डावीकडे एकेचाळीस सेंटिमीटर, उजवीकडे अडतीस, मागे बावीस. अंगावर बेतून शिवल्यासारखी बसते. तुम्ही मुळीच मनाला लावून घेऊ नका."

निवाबाईंनी टेपकडे पाहिलं. एक्याऐंशी वर्षांत त्यांच्या हातची एवढी नाजूक सुई कोणाच्या कातडीवर बोथट झाली नव्हती. "किती काळजीपूर्वक मोजता तुम्ही," एवढंच त्या म्हणाल्या.

"धंदाच आहे आमचा," इसाओ म्हणाला. करार पक्का झाल्याचं त्याने त्याच संध्याकाळी मिचियोला सांगून टाकलं.

दोन दिवसांनी मिचियो गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरातून परतली ती डोक्याला टॉवेल गुंडाळूनच त्याच्यासमोर बसली.

"इसाओ, तू गाढव आहेस."

"काय झालं?"

"मुकाईची बायको माझ्या पाठीला साबण लावत म्हणाली, 'तुमच्या यजमानांचं मन किती विशाल! इतकं ऐकून घेणारं माणूस आम्ही पाहिलं नाही.' मी म्हटलं, बाई, मी गुन्माची आहे, मला सरळ सांगा. तर ती बाई बोलायला धीर येईपर्यंत माझी पाठच घासत राहिली. कातडी सोलली माझी! मग बोलली."

"काय बोलली?"

"की पहाटे साडेपाचनंतर गल्लीत कोणी झोपत नाही. की निवाबाई तुला पंधरा दिवस जागा सोडायला सांगताहेत. आणि शेवटच्या वेळी तू त्यांना टेप दाखवलीस!"

इसाओचा चेहरा हळूहळू उतरत गेला, जसजसं एकेक कौतुक उलटं फिरून त्याच्या अंगावर येत होतं. "म्हणजे ती घंटा..."

"हो."

"आणि ओकुनोंचा गजर..."

"हो रे हो."

"आणि मुकाईच्या लाद्या?"

"त्या मात्र खरंच नाचत होत्या."

शालजोडीतले म्हणतात ते हेच. आणि गल्ली विणकरांची असल्यामुळे शालही अस्सल रेशमी होती. इसाओ ती पांघरून पंधरवडाभर मिरवत फिरला होता. गुन्मात असलं काही नसतं. तिथे शेजाऱ्याला तुमचा त्रास झाला तर तो दारात येऊन 'त्रास होतोय' म्हणतो, आणि वर तुमच्याकडचा चहा पिऊन जातो.

बूच त्याच क्षणी नळीत परत गेलं. आणि इसाओने ठरवलं की गल्लीत इंजिन सुरूच करायचं नाही. पहाटे गाडी ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची आणि तिथे चावी फिरवायची.

पहिल्या दिवशी तो एकटाच होता. एक हात दारात, एक हात स्टिअरिंगवर, आणि गल्ली उत्तरेकडे चढत गेलेली. बाकं, गालिचा, रेडिओ नसल्यामुळे गाडी हलकी होती. काढणाऱ्यांच्या पंथात आल्याचा हा पहिलाच रोकडा फायदा. तो घामाघूम झाला, पण चिमणीही जागी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुकाईने त्याला पाहिलं. टोफूवाला, तो उठलेलाच असे. आता दारासमोरून माणूस गाडी ढकलत चाललाय आणि आपण नुसतं पाहतोय, हे काही निशिजिनच्या रीतीत बसत नाही. मुकाई रबरी बुटांनिशी बाहेर आला.

"नको नको, मुकाई-सान, तुम्ही तुमचं काम करा."

"छे, असं कसं."

मुकाई ढकलतोय म्हटल्यावर समोरच्या ओकुनोंना घरात बसवेना. ओकुनो रात्रीच्या कपड्यांवर जाड बंडी घालून आले. ओकुनो आले म्हटल्यावर त्यांच्या शेजारचं जोडपं आलं. आठवडा संपेतो गाडीमागे सहा जण होते. कोणी कुजबुजण्यापलीकडे बोलत नव्हतं. फक्त सपातांची चपचप आणि ओकुनोंचा दमा. ज्याला यायचं नव्हतं तोही येत होता, कारण बाकीचे येत होते. गाडी गरजत होती तेव्हा गल्ली अंथरुणात जागी होती. आता ती रस्त्यावर जागी होती.

"फार छान व्यायाम होतो हो," ओकुनो धापा टाकत म्हणाले.

"तुमच्या कृपेने रोज सूर्योदय पाहायला मिळतो," मुकाई म्हणाला.

या वेळी इसाओला दोन्ही वाक्यं जागच्या जागी कळली. तो साक्षर झाला होता. पण वाचून करायचं काय? सुरू करावी तर गोंगाट, ढकलावी तर हा सोहळा.

निवाबाई ढकलायला येत नसत. त्या झाडू घेऊन दारात उभ्या राहत. एका पहाटे मिरवणूक त्यांच्यासमोरून जाताना त्या म्हणाल्या, "त्सुकागोशी-सान, गाडीला बरं नाही का? किती दिवसांत तिचा आवाज नाही."

इसाओ दिवसभर त्या वाक्यावर अडला. टोमणा असेल तर तो कशावर? टोमणा नसेल तर मग हे काय? त्याने ते उलटं वाचून पाहिलं, सुलटं वाचून पाहिलं. दोन्हीकडून ते तितकंच प्रेमळ लागत होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने मिचियोला फोन केला.

"मला काय विचारतोस?" मिचियो म्हणाली. "न्हाणीघरात जाऊन विचारून आले असते, पण माझी पाठ अजून भरून आलेली नाही."

महिना संपायला आठवडाही उरला नव्हता. इसाओने स्वच्छ सदरा घातला, मिठाईचा डबा घेतला आणि निवाबाईंचं दार सरकवलं. आत माग चालू होता. त्या तो थांबवून बाहेर आल्या. इसाओने जमिनीला कपाळ टेकेल इतकं वाकून नमस्कार केला आणि मग गुन्माच्या माणसासारखा बोलला.

"निवाबाई, आमच्याकडे वारा इतका असतो की आडून बोललेलं ऐकूच जात नाही. मला सरळ सांगा. किती आवाज चालेल? आकडा सांगा. गाडी त्याच्या वर गेली तर मी जागा सोडतो, गाडी विकतो, पुन्हा विषय काढत नाही."

निवाबाईंनी चहा त्याच्यापुढे सरकवला. "आकडा," त्या म्हणाल्या, जणू कोणी त्यांचं वजन विचारलं होतं. "मला कधी कोणी आकडा विचारला नाही."

"बरं, मग कशाएवढा ते सांगा. घंटेएवढा? कावळ्याएवढा?"

"या गल्लीत माग आहे," निवाबाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आहे. मागाबद्दल कधी कोणी काही बोललं नाही."

"म्हणजे मागाएवढा चालेल?"

"मी कुठे काय म्हटलं? मी आपली मागाबद्दल बोलत होते." त्यांनी मिठाईचा डबा बाजूला ठेवला. "रविवारी मी माग चालवत नाही. या रविवारी थोडं काम आहे. दहाच्या सुमारास."

घरी येऊन इसाओ म्हणाला, "मागापेक्षा जास्त आवाज झाला तर जागा गेली. नाही झाला तर राहिली. निवाबाईंनी अट घातली आहे."

"असं म्हणाल्या त्या?"

"नाही. त्या मागाबद्दल बोलत होत्या."

मिचियोने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "शिकलास की."

रविवारी दहाला इसाओने कारखान्यातून परवानगीने आणलेलं आवाज मोजायचं यंत्र तिपाईवर उभं केलं. निवाबाईंच्या जाळीच्या खिडकीपासून आठ मीटर आणि गाडीच्या नळीपासूनही आठ मीटर. दोन्ही अंतरं त्याने दोनदा मोजली. गल्लीतल्या सगळ्यांना नेमकं त्याच वेळी बाहेर काम निघालं होतं. मुकाई झाडलेला रस्ता पुन्हा झाडत होता. ओकुनो एकाच कुंडीला तिसऱ्यांदा पाणी घालत होते.

"आधी गरम करून घे ना," मिचियो हळूच म्हणाली. "गरम झाली की आवाज कमी होतो, असं तूच सांगतोस."

"पहाटे ती थंड असते. मोजायची तर थंडच मोजायची."

त्याने चावी फिरवली. खर्ज लागला. मिचियोने आकडा वाचला : शहात्तर पूर्णांक तीन. इसाओने गाडी बंद केली आणि खिडकीकडे वळून मान लववली. आत माग सुरू झाला. खटाक-खट, खटाक-खट.

चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ.

इसाओ यंत्रापाशी उभा राहिला. त्याने आकडा चढायची वाट पाहिली. तो चढला नाही. यंत्रावर शंका घ्यायला जागा नव्हती. ते त्यानेच तपासून पास केलं होतं.

"किती?" मुकाईने विचारलं. त्याचा झाडू थांबला होता.

"गाडी दीडने जास्त आहे."

"दीड म्हणजे काही फार नाही," ओकुनो म्हणाले. यात टोमणा नव्हता. पाणी कुंडीबाहेर वाहत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"जास्त ते जास्त," इसाओ म्हणाला. तो गाडीपाशी गेला, दिव्याच्या झाकणावरून एकदा हात फिरवला, मग खिडकीखाली जाऊन ताठ उभा राहिला. "निवाबाई! मोजून झालं. गाडी मागापेक्षा दीड डेसिबलने जास्त आहे. मी शब्द दिला होता. एक तारखेच्या आत मी—"

"काय म्हणालात? मागामुळे ऐकू येत नाही."

"मागापेक्षा गाडी जास्त आहे!"

"कुठल्या मागापेक्षा?"

"तुमच्या," तो म्हणाला.

"अहो, मी अजून नीट कामाला लागले तरी कुठे?" जाळीआडून निवाबाई म्हणाल्या. "आत्ता हा एकच चालू केला. पलीकडचा बाकी आहे. पुष्कळ वर्षं झाकून ठेवलाय, म्हटलं आज जरा फिरवून बघावा. तुम्ही आपलं यंत्र आवरायची घाई करू नका."

आतून कापड ओढल्याचा आवाज आला. मग एक लांबलचक करकर, मग एक लंगडा ठोका, दुसरा, तिसरा. आणि थोड्या वेळाने दोन्ही माग एका तालात पडू लागले. मुकाईच्या दुकानाची काच बारीक थरथरली. इसाओ धावत तिपाईपाशी गेला. मिचियो आधीच वाकून पाहत होती. आकडे चढले, मागेपुढे झाले आणि थांबले.

सत्त्याहत्तर पूर्णांक आठ. आता माग दीडने जास्त होते.